दोन्हीकडची कामं

साल २००८. सांगलीतल्या मराठी शाळेत सहावी संपवून मी न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. बाबा एच-१बी व्हिसावर, आई आणि मी त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-४वर. धाकटा भाऊ दोन वर्षांनी इथेच जन्मला. आता आमच्या ओळखीत नवी कुटुंबं येतात, त्यांची मुलं अकरा-बारा, कधी पंधरा वर्षांची असतात, आणि त्यांच्या आया मला विचारतात, "हिला जड जाईल का गं?" जड जातं. कशाने हलकं होतं ते मी माझ्यापुरतं शिकले आहे, तेच इथे लिहिते. पंचविशीत एम.एस. करायला येणाऱ्यांचे अनुभव वेगळे, इथे जन्मलेल्यांचे आणखी वेगळे. हे मधल्या वयात उचलून आणलेल्या मुलांबद्दल आहे.

१. आपल्यासारखा चेहरा दिसला म्हणजे आपलं माणूस भेटलं, असं धरून चालू नये.

"तिथे सगळे आपलेच आहेत," असं निघताना सगळे म्हणाले होते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गेलं की ते खरंही वाटतं. साड्यांची दुकानं, सोनार, मिठाईवाले, भारतीय किराणा. शाळेतही भारतीय वंशाची मुलं भरपूर होती. पण माझ्याशी सगळ्यांत कमी बोलायची ती तीच. माझ्याशेजारी बसलो तर आपणही नवखे ठरू, ही त्यांची भीती होती. नव्यांना हिणवायला वापरतात तो 'फॉब' शब्द मी पहिल्यांदा एका भारतीय मुलाच्याच तोंडून ऐकला. आज मला त्यांचा राग येत नाही. इथल्यासारखं दिसायला आणि बोलायला त्यांनी लहानपणी फार किंमत मोजली होती, आणि ती पुन्हा मोजायची त्यांची तयारी नव्हती.

सोबत मिळाली ती ईएसएलच्या खोलीत. इंग्रजी नवीन असलेल्या मुलांसाठीचा हा तास. तिथे इजिप्तहून आलेली एक कॉप्टिक ख्रिस्ती मुलगी होती, डॉमिनिकन रिपब्लिकचा एक मुलगा होता, चीनमधून आलेली दोन भावंडं होती. कुणालाच दुसऱ्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला कुणी लाजत नव्हतं. माझी जीभ त्या खोलीत सुटली. आपलं मूल ईएसएलमध्ये आहे याचा आपल्या लोकांना कमीपणा वाटतो आणि ते त्याला तिथून लवकर बाहेर काढायची घाई करतात. करू नये. ती कॉप्टिक मुलगी आजही माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे.

२. आईवडीलही तितकेच नवखे असतात.

मुलांच्या अडचणींबद्दल सगळे बोलतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या पहिल्या वर्षांतली आई येते. सांगलीत ती हायस्कूलला गणित शिकवायची. स्वतःचा पगार, स्वतःची स्कूटर, विद्यार्थ्यांचे पालक रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. एच-४वर नोकरीची परवानगी नव्हती. आणि इथल्या उपनगरात गाडी चालवता येत नसेल तर कोथिंबीर आणायलासुद्धा दुसऱ्याची वाट पाहावी लागते. दुपारी तीनला मी शाळेतून आले की ती प्रत्येक तासाला काय झालं ते बारकाईने विचारायची. बाईंनी फळ्यावर गणित कसं मांडलं, किती मुलांनी हात वर केले. ती आई म्हणून विचारत नव्हती, शिक्षिका म्हणून विचारत होती, हे मला तेव्हाही कळायचं.

मग तिने माझं बीजगणिताचं पुस्तक घेतलं. गणित ती मला समजावायची आणि त्यातलं इंग्रजी मी तिला वाचून दाखवायची. हळूहळू आमच्या बिल्डिंगमधली इतर मुलं येऊन बसायला लागली. पैसे घ्यायचे नाहीत हे ठरलेलं होतं, कारण पैसे घेतले तर ते काम ठरलं असतं आणि व्हिसा धोक्यात आला असता. मे २०१५मध्ये नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा पहिला मोठा अर्ज मंजूर झाला होता, त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. आई एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. हायस्कूलच्या गणितावरून बालवाडी, असं म्हणून हळहळणारे नातेवाईक होते. मी तिला पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहिलं आहे. ती हळहळत नव्हती.

यातून मी एक गोष्ट पक्की धरली. घरातल्या मुलाला इंग्रजी लवकर येतं म्हणून ते घराचं दुभाषी होतं. विम्याचं पत्र, भाडेकरार, शाळेचे फॉर्म. वाचून दाखवावं, अवघड शब्द शोधून द्यावेत, पण निर्णय आईबाबांनी घ्यावा आणि समोरच्याशी बोलायचंही त्यांनीच, मोडक्या इंग्रजीत का होईना. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात घराचं तोंड दिलं की आईबाप त्याच्यापुढे लहान होतात, आणि ते मुलाला झेपत नाही. शाळेच्या पालकसभेत मुलाला दुभाषी म्हणून बसवूच नये. महत्त्वाची माहिती पालकांना समजेल अशा भाषेत देणं ही इथल्या सरकारी शाळांची जबाबदारी आहे. मागितला तर दुभाषी द्यावा लागतो. मागावा.

३. भाषेला काम द्यावं.

एकाच घरात वाढलेल्या आम्हा दोघा भावंडांचं मराठी वेगळं. मला ते शाळेतून आलेलं, भावाचं नुसतं कानावरचं. आई मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. रविवारी तो मराठी शाळेत जायचा. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. मंडळांच्या मराठी शाळा आज ठिकठिकाणी स्वयंसेवकांच्या कष्टावर चालतात. मी स्वतः त्यांपैकी एका शाळेत शिकवते आणि त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण आठवड्यातल्या दीड-दोन तासांत अक्षरओळख होते. बोलायची गरज तिथे तयार होत नाही.

ती आजोबांनी तयार केली. त्यांची नजर अधू झाली आणि पेपर वाचता येईना. 'पुढारी' वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. आजीने फर्मान काढलं, "तुमच्या पोराला वाचून दाखवायला सांगा." न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ झाले की सांगलीत सकाळचे सहा वाजतात. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली की तीच वेळ साडेसातला येते. भाऊ तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. जेवण झालं की लॅपटॉपवर बातम्या उघडायचा आणि जोडाक्षरं फोडत फोडत वाचायचा. ऊसदर, टेंभू योजनेचं पाणी, द्राक्षबागांवरचा अवकाळी पाऊस, महापालिकेची सभा. आजोबा मध्येच थांबवायचे आणि द्राक्षाला पाऊस का चालत नाही ते समजावून सांगायचे. मग तो प्रश्न विचारायचा, आणि आजोबांना इंग्रजी येत नसल्यामुळे प्रश्न मराठीतच विचारावा लागायचा.

"मराठीत बोल" असं शंभरदा सांगून मूल बोलत नाही. आपण वाचलं नाही तर कुणीतरी अडून बसेल, हे कळलं की बोलतं.

४. व्हिसाची फाइल मुलांसमोर उघडावी.

सोळाव्या वर्षी माझ्या मैत्रिणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या. मलाही जायचं होतं. त्या रात्री बाबांनी कपाटातून फाइल काढली आणि जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले. पुष्कळ घरांत हे मुलांना सांगतच नाहीत, अभ्यासावर परिणाम होईल म्हणून. माझ्या बाबांनी सांगितलं, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

त्या रात्री मला जे कळलं ते असं. एच-४वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. एकवीस वर्षं पूर्ण झाली की आईबापांच्या व्हिसावर राहताही येत नाही. तोवर ग्रीन कार्ड मिळालं तर प्रश्न मिटला, पण नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त येऊ नयेत असा कायदा आहे. भारतातून अर्ज करणारे इतके आहेत की रांग काही दशकांची झाली आहे. मुलांचं वय रांगेत उलटून जाऊ नये म्हणून २००२मध्ये एक कायदा झाला. अर्ज तपासायला सरकारला जितका वेळ लागला तितका तो मुलाच्या वयातून वजा करतो. रांगेत गेलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत, आणि आमची वर्षं रांगेतच जात होती. मी सोळा वर्षांची होते त्याच साली, २०१२मध्ये, लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी 'डाका' योजना जाहीर झाली. ती ज्यांच्याकडे कागदच नाहीत अशांसाठी. आमच्याकडे कागद होते, म्हणून आम्ही तिच्यात बसत नव्हतो.

पुढचं सगळं मी हे माहीत असताना ठरवलं. इथल्या केंद्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा कर्ज मिळणार नाही, तेव्हा घरातून जाऊन-येऊन शिकता येईल असं राज्य विद्यापीठ. विषय सिव्हिल इंजिनिअरिंग, कारण पाण्याची ओढ होती आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर कामासाठी एक वर्ष अधिक दोन अशी तीन वर्षं मिळतात. एकविसाव्या वर्षी मी विद्यार्थी व्हिसावर गेले. त्या व्हिसासाठी शिक्षण संपल्यावर परत मायदेशी जाण्याचा इरादा दाखवावा लागतो. जिची सगळी शाळा इथे झाली, आईबाप इथे, भाऊ इथला, तिने तो अर्ज भरायचा. पुढे एच-१बीची सोडत. वर्षाला ६५,००० जागा आणि इथून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. त्यात माझं नाव निघालं. माझ्याबरोबरच्या काहींचं निघालं नाही. त्यांतली एक आता कॅनडात आहे आणि एक हैदराबादला, जिथे ती वयाच्या पाचव्या वर्षानंतर कधी राहिली नव्हती.

आमच्या घरात भावाचा पासपोर्ट आणि आम्हा तिघांचे पासपोर्ट वरून निळेच दिसतात, विमानतळावरच्या रांगा वेगळ्या असतात. घरातला सगळ्यांत धाकटा तो, पण एकवीस वर्षांचा झाला की आईबाबांच्या ग्रीन कार्डसाठी तोच अर्ज करू शकेल आणि त्या अर्जाला ही रांग नसेल.

हा अन्याय आहे, आणि त्याला अन्यायच म्हणावं. 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना आमच्यासारख्या मुलांनीच उभी केली. त्यांच्या प्रयत्नांतून २०२१मध्ये संसदेत विधेयक आलं, पण कायदा झाला नाही. मुलांनी यात पडावं असं मला वाटतं. मात्र "आम्ही कायदेशीर, ते बेकायदेशीर" अशी भाषा आपल्या लोकांत फार ऐकू येते, ती बोलू नये. वाळवंट ओलांडून आणलेलं मूल आणि विमानातून आणलेलं मूल, दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

५. मत देता येत नाही तिथेही बोलता येतं.

अठरा वर्षांची झाले तेव्हा मी इथली नागरिक नव्हते. भारतात २०१०च्या दुरुस्तीपासून परदेशस्थ नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. म्हणजे मत कुठेच नाही. मी काही दिवस खट्टू होते.

मग ईएसएलच्या आमच्या जुन्या बाई म्हणाल्या, शाळा मंडळाच्या सभेला ये. या सभांमध्ये गावात राहणाऱ्या कुणालाही काही मिनिटं बोलता येतं, नागरिकत्व विचारत नाहीत. विज्ञानाच्या तासाला ईएसएलच्या मुलांजवळ मदतनीस हवा, कारण पोरांना विज्ञान येतं आणि प्रश्नाचं इंग्रजी अडतं, एवढंच मी बोलले. पुढच्या वर्षी मदतनीस आले. २०२०च्या जनगणनेत 'आपण नागरिक नाही, आपल्याला कशाला' असं म्हणणारी कितीतरी मराठी, तेलुगू, गुजराती घरं होती. इथली जनगणना राहणाऱ्या प्रत्येकाची असते, आणि शाळांचा, रस्त्यांचा पैसा त्या आकड्यांवरून वाटला जातो. टाळेबंदीत आम्ही मैत्रिणींनी फोन करून करून घराघरांची माहिती भरून घेतली. त्यानंतर एडिसनला 'आमचं गाव' म्हणताना माझी जीभ अडखळली नाही.

६. आपल्या आधी कोण आलं होतं ते शोधावं.

शाळेत असताना मला वाटायचं की मराठी माणसं अमेरिकेत कॉम्प्युटरबरोबर आली. मग कळलं, एडिसनहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या रोझेल गावी १८८३मध्ये आनंदीबाई जोशी आल्या होत्या. वय अठरा. कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या मुलीसारखं ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, साडी आणि शाकाहार न सोडता, आणि १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. थंडीत नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. नको ते बदललं नाही आणि हवं ते बदलायला घाबरल्या नाहीत. परत जाऊन त्यांना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांचा विभाग सांभाळायचा होता. क्षयाने ते होऊ दिलं नाही. १८८७च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात गेल्या आणि त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आहे. मी तिथे जाऊन आले आहे. प्रत्येक मराठी मुलीला तिच्या आईबापांनी एकदा तिथे न्यावं.

१९१३मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. जातीमुळे कुणी दूर बसवत नाही असं जगणं त्यांनी तिथे अनुभवलं, तीन वर्षं ग्रंथालयात अफाट वाचन केलं, १९१६मध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला, आणि तिथे मिळालेलं बळ मायदेशातल्या लढ्याला लावलं. या दोघांना 'तू इकडची की तिकडची' हा प्रश्न सतावत होता असं मला त्यांच्या चरित्रांत कुठे दिसत नाही. त्यांना कामं होती.

वाटेत दार बंदही झालं होतं. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६मध्ये तो अडसर निघाला, पण वर्षाला फक्त शंभर जणांना प्रवेश. खरं दार १९६५च्या कायद्याने उघडलं, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवल्यानंतरचा आहे. बाबांच्या हातातला एच-१बी त्या माणसांनी खाल्लेल्या मारामुळे, भोगलेल्या तुरुंगामुळे, काढलेल्या मिरवणुकांमुळे शक्य झाला. हे माहीत असूनही आपल्या घरांतून कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल जे बोललं जातं, ते ऐकून मला लाज वाटते, आणि मी तिथल्या तिथे बोलते. मोठ्यांपुढेही बोलते.

आपल्यावरही पाळी आली आहे. १९८७मध्ये जर्सी सिटीच्या परिसरात भारतीयांना हेरून मारणारी टोळकी होती. त्या वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. २०१७मध्ये कॅन्सासमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोटला यांना गोळी घातली. चांगला पगार आणि चांगलं इंग्रजी यांनी आपण सुरक्षित होतो, हा समज मुलांना देऊ नये. शेजारी जोडायला शिकवावं.

७. घरी एक आणि बाहेर दुसरंच, असं जगू नये.

आईने एकच नियम केला होता. कुठेही जा, पण कुणाकडे जातेस त्या घरातल्या मोठ्या माणसाशी आधी मी बोलणार. आणि माझे मित्रमैत्रिणी आमच्या घरी कधीही येऊ शकत होते, पोहे मिळत होते. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला, कुणाबरोबर गेले हे तिला माहीत होतं. ज्या घरांत नुसती बंदी होती, तिथल्या मैत्रिणी गाडीत कपडे बदलायच्या आणि अडचणीत सापडल्या तर घरी फोन करू शकत नव्हत्या. याहून जास्त लिहायची गरज नाही.

८. लांबून सल्ले देऊ नयेत.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. आमचं जुनं घर गावभागात. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, त्याने आजी-आजोबांना वेळेवर विश्रामबागला हलवलं. इथे आम्ही रात्र रात्र फोनला चिकटून. पाण्याच्या कामाचं शिक्षण घेतलेली मी, नदीची पातळी तासातासाला बघत होते आणि दादाला काय करावं ते सांगत होते. बाबा म्हणाले, "त्याला विचार, आपण काय करू." विचारलं. इथल्या मंडळात जुने कपडे गोळा करायचं चाललं होतं. दादा म्हणाला, कपडे कुणीही पाठवू नका, इथे ढीग पडलेत. चिखल काढायला माणसं लावायला पैसे हवेत, फिनेल हवं, गाद्या हव्यात, आणि मुलांची वह्या-पुस्तकं भिजलीत. मंडळाने तसेच पैसे पाठवले. त्या दिवसापासून आमच्या घरात फोनवर पहिलं वाक्य हेच असतं, काय हवंय.

मे २०२१मध्ये आजोबा गेले. करोनाची दुसरी लाट. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला होता आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमधलं व्हिसाचं नेहमीचं काम थांबलेलं. बाबांच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. गेले असते तर परत कधी येता येईल हे कुणी सांगायला तयार नव्हतं. त्यांच्या वडिलांचे शेवटचे विधी दादाने केले. इथे बाबा तीन दिवस बोलले नाहीत. या दुःखावर उपाय मला सापडलेला नाही, आणि कुणी सांगितला तर माझा विश्वास बसणार नाही. एवढंच करता येतं की जे तिथे आहेत, जे रात्री इस्पितळात बसतात, त्यांचे उपकार मोठ्याने मानावेत, खर्चाचा वाटा न मागता उचलावा आणि "तुम्ही मोठ्या डॉक्टरला का नाही दाखवलं" असं कधीही म्हणू नये.

९. गावी पाहुणं होऊन जाऊ नये.

लहानपणी सुट्टीत सांगलीला गेलं की माझे फार लाड व्हायचे. बाटलीचं पाणी, आवडीची भाजी, उन्हात जाऊ नकोस, तुला सवय नाही. सगळे प्रेमाने करायचे. पण ताट वाढलं की सगळ्यांत आधी मला बसवायचे आणि आतेबहिणी वाढायच्या, तेव्हा मी त्या घराबाहेर गेले आहे हे मला कळायचं.

आजोबांच्या पश्चात आजीला कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झालं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हाच मी गेले होते. दादाला सुट्टी नव्हती, आत्याचा गुडघा दुखत होता. मी आजीला रिक्षाने बँकेत नेलं, फॉर्म भरला, रांगेत उभी राहिले, एक कागद कमी पडला म्हणून पुन्हा घरी येऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने आजोबांचं नाव वाचलं आणि म्हणाला, "सरांची नात का?" नंतर तिथून गिरणीत दळण टाकलं, महापालिकेत पाणीपट्टी भरली. दुसऱ्या दिवशी आत्याने मला सकाळीच हाक मारली, दूध तापव म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून सांगली-कोल्हापुरातल्या, पुण्या-नाशिकातल्या काका-मावश्यांना माझी विनंती आहे. सुट्टीत तुमच्याकडे तिकडून भाचरं-पुतणी येतील. त्यांना कोचावर बसवून ठेवू नका. गिरणीत पाठवा, भाजी निवडायला घ्या, आजीबरोबर बँकेत जाऊ द्या, आणि चुकलं तर घरच्या पोरांना रागावता तसं रागवा.